इथे आरोळ्या भरून मिळतील

सकाळी सहाच्या सुमारास वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या तळेगावातून पाववाल्याची सायकल जाते. हँडलला बांधलेला डब्याएवढा स्पीकर म्हणत असतो, "चला पाव, खारी, टोस." तो आवाज माझा. मी अंथरुणात पडलेला असतो आणि माझाच आवाज रस्त्याने चाललेला असतो. बाकीचे लोक तो ऐकून चहाचं आधण ठेवतात. मी श्वास रोखून ऐकतो. 'टोस'मधला 'स' नीट आला का, शेवटी खरखर तर नाही ना, दोन आरोळ्यांमधली जागा कमी तर पडत नाही? हे रेकॉर्डिंग पाच-सहा वर्षांपूर्वीचं आहे आणि एवढ्या वर्षांत त्यात एकही नवीन चूक निघालेली नाही. तरी रोज सकाळी मला वाटतं, आज निघणार.

बायको म्हणते, "तुमी देवळात गेले तरी आंधी घंटा बरोबर वाजते का नाई ते पाहान."

असा माझा स्वभाव. त्यामुळे या दिवाळी अंकासाठी लिहा असा फोन आला, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की नंबर चुकला असेल. मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. ऱ्हस्व-दीर्घाची खात्री नसल्यामुळे दुकानाची पाटीसुद्धा पेंटरला तोंडी सांगून लिहून घेतलेली. पण संपादकांनी दोनदा सांगितलं, नंबर बरोबर आहे. त्यांचे आभार मानतो आणि सुरुवात करतो.

गल्लीत आणि आठवडी बाजारात भाजीवाले, भंगारवाले, कुल्फीवाले, गाद्या पिंजणारे फिरतात. त्यांच्या गाडीवर हल्ली भोंगा असतो. त्यात मेमरी कार्ड किंवा पेनड्राइव्ह घातलेला असतो आणि त्यावर कुणीतरी आरोळी भरून दिलेली असते. आष्टी-तळेगावच्या पट्ट्यात तरी तो कुणीतरी म्हणजे मी. पाटीवर 'इथे आरोळ्या भरून मिळतील' असं लिहून घेतलं, तेव्हा माझे मालक शेषरावभाऊ चष्मा कपाळावर चढवून ती वाचत बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "लोक भरल्या वांग्यावानी समजतीन." पण पाटी पुसायला लावली नाही.

मी मूळचा इकडचा नव्हे. सांगली जिल्ह्यात आटपाडीकडचा. आमच्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. त्याला गलाई म्हणतात. माझा मामा आर्वीला गलाईचं दुकान चालवायचा. शाळा सुटल्यावर त्याने मला तिथे आणलं. तिथं ॲसिडचा धूर, भट्टीची धग, आणि हातात कुणाच्या तरी मंगळसूत्राचा तुकडा. हा हरवला तर, सांडला तर, धुराबरोबर उडून गेला तर, या विचाराने मला जेवण जाईना. सहा महिन्यांनी मामाच म्हणाला, "लेका, इथं राहिलास तर सोन्याआधी तू वितळशील." त्याने मला शेषरावभाऊंच्या मंडप आणि साउंड सर्व्हिसमध्ये चिकटवलं. गाव साताठशे किलोमीटर मागं राहिलं ते राहिलंच. आई फोनवर विचारायची, तिथं ज्वारीची भाकरी मिळते का? मिळते, असं सांगितलं की तिला हायसं वाटायचं. मग तोच प्रश्न पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारायची.

शेषरावभाऊंकडे माझं काम माइक तपासायचं. माझ्यासारख्या माणसाला देवानेच दिलेलं काम. "हॅलो, हॅलो" करत मी मंडपाच्या चारी कोपऱ्यांत जायचो. एकदा भाऊ म्हणाले, "तुहा आवाज पातळ हाय, पन दूर जाते." त्यातूनच पुढे आरोळ्या सुरू झाल्या.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय आहे, मोबाइलसमोर ओरडायचं. तसं नाही. गल्लीत घरोघर मिक्सर चालू असतो, कुकरची शिट्टी होते, टीव्ही असतो. आरोळीचा पहिला शब्द नेहमी त्यात बुडतो. म्हणून वस्तूचं नाव पहिलं घ्यायचं नाही. आधी 'चला' किंवा 'या' असा एक शब्द वाया घालवायचा. तो बुडतो, पण कान वर होतात. दुसरं म्हणजे, शेवट 'आ' किंवा 'ओ'वर करायचा, ते लांब जातात. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आरोळी झाल्यावर दहा मोजेपर्यंत गप्प राहायचं. नवीन गिऱ्हाइकांना ही जागा पसंत पडत नाही. त्यांना वाटतं, भोंगा सतत बोलला पाहिजे. मी त्यांना सांगतो, तुम्ही गप्प झाल्याशिवाय वरच्या मजल्यावरची बाई 'ओ भाऊ, थांबा' म्हणणार कधी?

ही अक्कल नंतरची. पहिल्या कामात मी काय केलं, ते अजून आष्टीत सांगतात.

गजू नावाचा भाजीवाला छोटा टेम्पो घेऊन आला. त्याने कागद वाचून दाखवला, "आलू, कांदा, भेदरं, सांबार." भेदरं म्हणजे काय, हे मी विचारलं. टमाटर, असं कळलं. पण एकदा विचारल्यावर दुसऱ्यांदा विचारायची लाज वाटली. आणि सांबार तर मला माहीत होता. इडलीबरोबर असतो तो. भाजीबरोबर तयार सांबारही विकतोय, चांगली कल्पना आहे, असं वाटून मी माझ्या मनाने एक शब्द जोडला. "चला आलू, कांदा, भेदरं, गरमागरम सांबाऽर."

दुसऱ्या दिवशी सकाळी गजूचा फोन आला. "सांगलीवाले, इथं एक बाई गंज घेऊन उभी हाय."

गंज म्हणजे पातेलं, एवढं मला तोवर कळत होतं. मी म्हणालो, "मग द्या की भरून."

"काय भरून देऊ? सांबार उकडून देऊ काय?"

"मग काय, कच्चा देणार?"

मग गजू म्हणाला, "भाऊले फोन द्या."

शेषरावभाऊंनी ऐकून घेतलं, फोन ठेवला, घरात गेले आणि कोथिंबिरीची एक जुडी आणून माझ्यासमोर धरली. "हे पाय. हा सांबार."

आता आपल्याला परत पाठवणार, म्हणून मी त्या दिवशी पिशवी भरून ठेवली होती. भाऊंनी मला बाजाराच्या दिवशी सोबत नेलं आणि ओट्याओट्यावर थांबून प्रत्येक भाजीचं इथलं नाव माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. "आंधी डोक्शात भर, मंग पेनड्राइव्हात," एवढंच म्हणाले. मी गजूसाठी नवीन आरोळी करून दिली, तर त्याने ती चार दिवस लावलीच नाही. गरम सांबार कोण विकतो, ते पाहायला बाया बाहेर येत होत्या आणि आल्या की वांगी घेऊन जात होत्या.

गिऱ्हाइकाला काय पाहिजे, ते आपल्याला कळतं असं समजणं ही या धंद्यातली मोठी चूक. ती मी पुन्हा केली. एक कुल्फीवाला यायचा. त्याला आरोळीच्या मागे सनई पाहिजे होती, तीही मुलीच्या पाठवणीच्या वेळी वाजवतात ती रडकी. मी म्हणालो, काका, कुल्फी आहे, पोरांचा माल, त्या वर्षी गाजलेलं एखादं नाचाचं गाणं घालू. ते शांतपणे म्हणाले, "नाचाचं गानं लावलं का पोट्टे नाचतेत. कुल्फी घेत नाईत." सनई घातली. ती ऐकून म्हाताऱ्या दारात यायच्या, पदराने डोळे पुसायच्या आणि नातवंडांना कुल्फी घेऊन द्यायच्या.

पण मला विचाराल तर या धंद्यातलं खरं सुख वेगळं आहे. माणूस स्वतःच्या आवाजात आरोळी भरून घेतो आणि पहिल्यांदा ऐकतो, ते सुख. पहिल्या वेळी तो हमखास म्हणतो, "हा मी नाई." दुसऱ्या वेळी गप्प राहतो. तिसऱ्या वेळी मान जरा तिरकी करतो आणि म्हणतो, "अजून एक डाव लाव." हायवेला संत्री विकणारे एक आजोबा तर दुपारी गिऱ्हाईक नसलं की स्पीकर लहान करून कानाशी धरायचे आणि स्वतःला ऐकत बसायचे. मोठमोठ्या गायकांचे आवाज लाखो लोक ऐकतात. पण ते ऐकून कुणी हातात भांडं घेऊन दाराबाहेर येत नाही. आमचे ऐकून येतं. याचा मला आतल्या आत अभिमान आहे. उघडपणे पहिल्यांदाच सांगतोय.

आता देवकाबाईंची गोष्ट.

देवकाबाई मडावी आष्टीपलीकडे जंगलाच्या बाजूच्या एका टोल्यावर, म्हणजे पाड्यावर, राहतात. घरात सुनेशी गोंडीत बोलतात, गल्लीत मराठीत आरोळी देतात. तीस वर्षं टोपलं डोक्यावर घेऊन आष्टीत फिरल्या. रान देईल ते विकायचं. उन्हाळ्यात चारं, म्हणजे चारोळीची फळं, आणि टेंभरं, म्हणजे तेंदूची, पाऊस लागला की जांभळं, मग काटवलं, ज्याला आमच्याकडे करटुली म्हणतात. दिवाळीत सिताफळं, थंडीत बोरं. त्यांचा आवाज मी आधी अनेकदा ऐकला होता आणि धंद्याच्या नजरेने मनात म्हणालो होतो, या बाईला माझी गरज कधी पडणार नाही.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी त्या सुनेला, सुनीताला घेऊन दुकानात आल्या. बोलल्या तर स्पीकरमधला कागदी कोन फाटल्यावर निघतो तसा आवाज. गळ्यात गाठ आली होती. वर्ध्याच्या दवाखान्यात ऑपरेशनची तारीख मिळाली होती.

"बोलता येईन म्हनते," देवकाबाई म्हणाल्या. "बोंबलता येनार नाई."

मी लगेच म्हणालो, काही काळजी करू नका, मी भरून देतो, छान पल्लेदार.

"तुह्या आवाजानं माहं गिऱ्हाईक उठन काय गा?"

सुनीताने सांगितलं, मागचा आठवडाभर आरोळी तिनेच दिली होती. कुणी दार उघडलं नाही. कोण नवीन बाई आहे, माल कसा असेल, माप कसं असेल, म्हणून लोक आत बसून राहिले. घरात रोजचा मीठमसाला या टोपल्यावर चालायचा. टोपलं बंद झालं तर सुनीताला संत्र्याच्या तोडीवर बाहेरगावी जावं लागणार होतं, दोन वर्षांच्या लेकराला मागे ठेवून.

"माह्याच आवाजात भरून दे," देवकाबाई म्हणाल्या. "सारं साल."

सारं साल म्हणजे वर्षभरात त्या जे जे विकतात, त्या प्रत्येकाची आरोळी, ऑपरेशनच्या आत. इकडे डॉक्टरांनी आवाजाला आराम द्यायला सांगितलेलं.

"बोलू नोका म्हटलं ना डॉक्टरनं," सुनीता म्हणाली.

"बोलू नोका म्हटलं. हे बोलनं नोय, हे काम हाय."

या बाईचा गळा आपल्या हातून आणखी बिघडला तर? मी सुनीताला दवाखान्यात फोन करायला लावला. तिकडून सांगितलं, अगदीच गरज असेल तर थोडं, दुखलं की थांबा. म्हणून मी नियम केला, प्रत्येक आरोळी एकदाच. बिघडली तरी दुसऱ्यांदा नाही.

दुकानाच्या मागे गाद्या लावलेला एक कोपरा आहे, तिथे माइकसमोर त्यांना उभं केलं. त्या नुसत्याच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, डोक्यावर टोपलं नाही. टोपलं दिलं. म्हणाल्या, रिकामं आहे, मान सरळ होत नाही. मी जुना ॲम्प्लिफायर टोपल्यात ठेवला. आता मान सरळ झाली, पण आवाज येईना.

"आता काय झालं, मावशी?"

"कोनाले आवाज देऊ? गाद्यायले?"

मग आम्ही आष्टीच्या गल्ल्यांतच गेलो. पुढे देवकाबाई, डोक्यावर टोपलं, टोपल्यात ॲम्प्लिफायर आणि वरून फडकं. बाजूला मी, मोबाइल त्यांच्या तोंडाशी धरून, खेकड्यासारखा आडवा चालत. मागे सुनीता पाण्याची बाटली घेऊन. काटवलाचं बरोबर जमलं, ते दिवस काटवलाचेच होते. मग त्यांनी टेंभरांची आरोळी दिली. उन्हाळ्यातलं फळ, बाहेर पावसाचा चिखल. तरी दारं उघडायला लागली.

शांताबाई म्हणून एक आहेत, ओटा असलेल्या घरातल्या, साठीच्या पुढच्या. चांगलं शेतीभातीचं घर. देवकाबाईंशी रोज मापावरून भांडायच्या आणि रोज घ्यायच्या. त्या भांडं घेऊन उतरल्या.

"देवके, पान्या-पावसाचे टेंभरं कुठून आनले वं?"

देवकाबाईंनी बोलायचं नाही म्हणून नुसतं टोपलं खाली केलं. शांताबाईंनी फडकं उचललं, ॲम्प्लिफायरकडे पाहिलं आणि विचारलं, "हे कसं किलो?"

मग सुनीताने सगळं सांगितलं. शांताबाईंनी भांडं ओट्यावर ठेवलं, चपला घातल्या आणि आमच्या पुढे चालायला लागल्या. प्रत्येक दाराशी थांबून आत सांगायच्या, "मिक्सर बंद कर वं. टीव्ही बंद कर. देवकी भरून राह्यली." तीन दिवस त्या अशा पुढे चालल्या. भर पावसाळ्यात आम्ही आष्टीत बोरं विकली, जांभळं विकली, चारं विकली, आणि त्या गल्ल्या एवढ्या शांत मी कधी ऐकल्या नव्हत्या.

सिताफळं शेवटी ठेवली होती. ती आरोळी सगळ्यात लांब. सिताफळ पिकायला आलं की त्याच्या खवल्यांमधल्या फटी रुंद होतात, त्याला डोळे उघडणं म्हणतात. "डोळे उघडले वं, डोळे उघडलेऽ, सिताफऽळं." ती त्यांनी सांभाळून दिली नाही. होता तेवढा आवाज लावला. मग गळ्यावर हात ठेवून शांताबाईंच्या ओट्यावर बसल्या आणि माझ्याकडे पाहून हसल्या. झालं, असं त्यांनी हाताने सांगितलं. माझे डोळे भरून आले होते. मी मोबाइल खिशात घातला.

आयुष्यात तेवढं एकच रेकॉर्डिंग मी तपासलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. देवकाबाई पूर्ण गप्प. सुनीता एका हातात लेकरू आणि खांद्याला स्पीकर घेऊन सासूबरोबर फिरायला लागली. काटवलाच्या आरोळीवर दारं उघडली. मला वाटलं, सुटलो.

दसरा झाला आणि सिताफळाचं कार्ड करायला बसलो. फाइल चार सेकंदांची निघाली. "डोळे उघ", आणि संपली. त्याच क्षणी मोबाइलवर कुणाचा तरी फोन आला असणार. रिंग बंद होती म्हणून मला कळलं नाही, पण फोन आला की रेकॉर्डिंग थांबतं. विमानाचं चिन्ह दाबून ठेवायचं असतं. हे मी दुसऱ्यांना शिकवतो.

त्या दुपारी मी काय काय विचार केले, ते सगळे लिहीत नाही. कार्ड खराब निघालं असं सांगायचं, हा त्यातला एक. आपल्याच आवाजात भरून द्यायचं, हा दुसरा. त्यांच्या बाकीच्या आरोळ्यांतून तुकडे कापून जोडता येतात का, तेही बघितलं, पण 'सिताफळ' हा शब्द दुसऱ्या कुठेच नव्हता. शेषरावभाऊ आता थकलेत, नुसते गल्ल्यावर बसून असतात. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि विचारलं, "सांबार झाला काय पुन्हा?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मंग इथं काऊन बसला? जाऊन सांग तिले."

देवकाबाई अंगणात बसून सिताफळं निवडत होत्या. पिकायला आलेली एकीकडे, कडक दुसरीकडे, मधे गवत. मी उभ्या उभ्या सांगितलं. सांगताना माझाच आवाज फाटला. त्यांना अजून बोलायची परवानगी नव्हती. त्यांनी ऐकलं, मग ढिगातून एक उघडलेलं फळ माझ्या हातात ठेवलं आणि खा, अशी खूण केली. मी खाली बसून ते खाल्लं. बिया कुठे टाकाव्यात ते कळेना, मुठीतच धरून बसलो.

मग त्यांनी आष्टीच्या दिशेने हात केला, कमरेवर दोन्ही हात ठेवले आणि मान ताठ केली. सुनीता हसली. "शांताबाईले म्हनाले सांगा म्हनते. तीस वर्स आयकलं तिनं."

शांताबाईंनी पहिल्यांदा नाही म्हटलं. ओट्यावर बसून आवाज देणं वेगळं, टोपलं घेऊन गल्लीत बोंबलणं वेगळं. त्यांचा मुलगा दारात आला, "आई, आत चाल. लोक पाहून राह्यले." लोक पाहतच होते. शांताबाई क्षणभर आत वळल्यासुद्धा. मग थांबल्या.

"तीस वर्स ते बोंबलली तवा सिताफळं कोन खाल्ले रे? चूप राय."

देवकाबाईंनी भरलेलं टोपलं स्वतःच्या हाताने त्यांच्या डोक्यावर ठेवलं. मी दोन मोबाइल आणले होते, दोन्हींवर विमानाचं चिन्ह, दोनदा पाहिलेलं. शांताबाईंनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. देवकाबाई समोर उभ्या राहून हात हलवत होत्या. अजून लांब. अजून. आता तोड. दुसऱ्या खेपेला जमलं. शब्द देवकाबाईंचे, चाल देवकाबाईंची, गळा शांताबाईंचा. मी तिथेच तीनदा तपासलं.

वसुबारसेच्या सकाळी पहिली फेरी निघाली. स्पीकर सुनीताच्या खांद्याला, टोपलं देवकाबाईंच्या डोक्यावर. मी सायकल हातात धरून मागे, जरा अंतर ठेवून. "डोळे उघडले वं, डोळे उघडलेऽ." पहिलं दार उघडलं, दुसरं उघडलं. लोक आधी चमकायचे, मग देवकाबाईंना पाहून भांडं आणायला आत जायचे. घरागणिक मी सायकल जरा जवळ आणत गेलो.

शांताबाई ओट्यावर आल्या. "हे कोन बोंबलून राह्यली वं येवढ्या मोठ्यानं?"

देवकाबाईंनी सुनीताला स्पीकर बंद करायची खूण केली. डॉक्टरांनी हळू बोलायला परवानगी दिली होती, असं सुनीताने मला नंतर सांगितलं. त्याला आठवडा झाला होता, पण त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. तो नवा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. बारीक होता आणि स्वच्छ, त्यात कुठे खरखर नव्हती.

"तुह्याच तोंडानं तुलेच इकून राह्यली मी."

शांताबाई हसत हसत ओट्यावरच बसल्या. डोळे पुसून भांडं पुढे केलं आणि म्हणाल्या, "मंग आवाजाचं एक वरून टाक."

देवकाबाईंनी दोन टाकली.